कथा ग्रीसची, पूजा रोमची



मुंबईच्या फोर्ट भागात, हुतात्मा चौकात, संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांच्या स्मारकाशेजारी एक दगडी कारंजे आहे. त्याच्या शिखरावर एक स्त्रीमूर्ती उभी आहे. १८६४ साली हे कारंजे उभे राहिले, त्या जागेला 'फ्लोरा फाउंटन' हे नाव मिळाले आणि चौकाचे नाव बदलल्यानंतरही ते लोकांच्या तोंडी टिकून राहिले. रोज हजारो माणसे त्या मूर्तीसमोरून कचेरीला जातात. ती कोण, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणाला पडतो.

फ्लोरा ही प्राचीन रोमन लोकांची मोहोराची देवता. धान्याचा, द्राक्षवेलींचा, फळझाडांचा मोहोर नीट धरावा, गळून जाऊ नये म्हणून तिची आराधना होत असे. रोममध्ये तिचे देऊळ होते, तिचा स्वतंत्र पुजारी होता आणि एप्रिलच्या अखेरीस सुरू होणारा तिचा उत्सवही होता. पुढे ओव्हिड नावाच्या कवीने 'फास्ती' या आपल्या पंचांगकाव्यात या देवीच्या तोंडी एक कथा घातली. आपण मूळच्या क्लोरिस नावाच्या ग्रीक वनकन्या, पश्चिमवाऱ्याने आपल्याला पळवून नेऊन आपल्याशी विवाह केला आणि लॅटिन लोकांच्या उच्चारात 'क्लोरिस'चे 'फ्लोरा' झाले, असे ती देवी सांगते. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ही व्युत्पत्ती टिकत नाही. फ्लोरा हे नाव फूल या अर्थाच्या शुद्ध लॅटिन शब्दावरून आलेले आहे. देवी रोमची, देऊळ रोमचे, उत्सवही रोमचा. कथा तेवढी ग्रीसहून आणून तिच्या अंगावर शालीसारखी पांघरली गेली.

ग्रीक देवता आणि त्यांच्या रोमन प्रतिरूपांची सारी हकीकत या एका उदाहरणात सामावलेली आहे.

कोष्टकामागचा इतिहास

पाश्चात्त्य पुराणकथांच्या पुस्तकांत सुरुवातीलाच एक कोष्टक असते. हेरा म्हणजे ज्यूनो, अथीना म्हणजे मिनर्व्हा, आर्टेमिस म्हणजे डायाना, ॲफ्रोडायटी म्हणजे व्हीनस, डिमीटर म्हणजे सेरेस आणि हेस्टिया म्हणजे व्हेस्टा. विद्यार्थी ते पाठ करतात आणि समजतात की, रोमन लोकांनी ग्रीकांचे देव जसेच्या तसे उचलले व केवळ नावे बदलली. हा समज अर्धा खरा आहे. कथा आणि मूर्तींची घडण रोमन लोकांनी ग्रीकांकडून मोकळेपणाने घेतली. परंतु या सहाही देवींची नावे, बहुतेकींची स्थाने आणि मुख्य म्हणजे त्यांच्याकडे सोपवलेली कामे रोमची स्वतःची होती.

हे कोष्टक कोणा एका पंडिताने एका दिवशी तयार केले नाही. इटलीच्या दक्षिणेला आणि सिसिलीत ग्रीकांच्या वसाहती होत्या, उत्तरेला एट्रुस्कन लोक होते. व्यापार, युद्धे आणि सोयरिकी यांमधून शतकानुशतके देवतांची ओळखपाळख होत गेली. पण हे कोष्टक सर्वांसमोर उघडपणे मांडले गेले तो प्रसंग इतिहासाला ठाऊक आहे आणि तो प्रसंग आनंदाचा नव्हता.

इ.स.पूर्व २१७. कार्थेजचा सेनापती हॅनिबल आल्प्स पर्वत ओलांडून इटलीत उतरला होता. त्रासिमेन सरोवराच्या काठी धुक्यात दबा धरून त्याने रोमन सैन्य कापून काढले. सुमारे पंधरा हजार रोमन सैनिक पडले, सेनापती फ्लेमिनियसही ठार झाला. भयभीत रोमने आपले सिबिलीन भविष्यग्रंथ उघडले आणि त्यांच्या आदेशानुसार तीन दिवसांचा एक महाविधी केला. देवतांसाठी सहा शय्या मांडण्यात आल्या, प्रत्येक शय्येवर एक देव आणि एक देवी अशी जोडी बसवून त्यांच्यापुढे पक्वान्ने ठेवली गेली. ज्युपिटरबरोबर ज्यूनो, नेपच्यूनबरोबर मिनर्व्हा, मार्सबरोबर व्हीनस, अपोलोबरोबर डायाना, व्हल्कनबरोबर व्हेस्टा आणि मर्क्युरीबरोबर सेरेस. बारा देवतांचे हे मंडळ ग्रीक वळणाचे होते. समुद्रदेव पोसायडन आणि अथीना यांचे अथेन्सच्या स्वामित्वावरून झालेले भांडण ज्याला ठाऊक असेल, त्यालाच नेपच्यूनशेजारी मिनर्व्हा का बसली हे उमगेल.

रोमन मनाची ही धाटणी लक्षात घेण्यासारखी आहे. संकटकाळी त्यांनी देवतांचे दार आणखी उघडले. परक्यांकडे ज्या देवतेची शक्ती दिसली, तिला आपल्या ओळखीच्या नावाने हाक मारावी, तिला आसन द्यावे आणि तिचे पाठबळ मागावे, ही त्यांची रीत होती. याच काळाच्या आसपास तारेंतुम या ग्रीक नगरातून आलेला लिव्हियस अँड्रोनिकस होमरचे 'ओडिसी' लॅटिनमध्ये आणत होता. ग्रीक कवी आरंभी काव्यदेवता म्यूझला आवाहन करतो. लिव्हियसने तिच्या जागी कामेना हे नाव घातले. कामेना या रोमच्या वेशीबाहेरील एका झऱ्याच्या देवता होत्या. ग्रीक महाकाव्य रोममध्ये आले ते रोमच्या झऱ्याचे पाणी पिऊनच.

ज्यूनो आणि मिनर्व्हा

हेरा ही ग्रीक देवराज झ्यूसची राणी. अर्गोस आणि सामोस येथे तिची भव्य देवस्थाने होती आणि विवाहसंस्थेची ती रक्षक होती. परंतु कथांमधून समोर येते ती पतीच्या परस्त्रीगमनाने सदैव संतापलेली पत्नी. या सगळ्या कथा रोमन कवींनी ज्यूनोच्या नावावर चढवल्या. व्हर्जिलच्या 'एनीड' महाकाव्यात तिचा क्रोध ही सबंध कथानकाला गती देणारी शक्ती आहे.

रोमच्या गृहिणीची ज्यूनो मात्र वेगळी होती. ल्यूसिना या नावाने ती बाळंतिणीची देवता होती, बालकाला प्रकाशात आणणारी. तिच्यासमोर जाताना गर्भवतीने केस मोकळे सोडावेत, म्हणजे प्रसूती सुलभ होते, अशी श्रद्धा होती. १ मार्चला तिचा सण असे. त्या दिवशी पती पत्नीला भेटवस्तू देत आणि घरधनीण दासदासींना स्वतः जेवू घाली. याच देवीचे 'मोनेटा' या नावाचे देऊळ कॅपिटोल टेकडीवर इ.स.पूर्व ३४४ मध्ये उभे राहिले. पुढे त्याच्यालगत रोमची टांकसाळ आली आणि देवीच्या नावावरून नाण्याला, पैशाला शब्द मिळाला. इंग्रजीतील 'मनी' आणि 'मिंट' हे दोन्ही शब्द तेथूनच निघाले आहेत.

ज्यूनोची आणखी एक कथा लिव्ही हा इतिहासकार सांगतो. इ.स.पूर्व ३९६ मध्ये कॅमिलसने व्हेई हे शत्रूचे नगर जिंकले. त्या नगराची अधिष्ठात्री ज्यूनो राणी होती. हल्ल्यापूर्वीच कॅमिलसने तिला प्रार्थना केली होती की, आमच्या नगरात चल, तुझ्या योग्यतेचे देऊळ तुला देऊ. नगर पडल्यावर निवडक तरुण स्नान करून, शुभ्र वस्त्रे नेसून देवळात गेले. मूर्तीला हात लावावा तरी कसा, या संकोचात असताना एकाने विचारले, 'ज्यूनो, रोमला येतेस का?' आणि मूर्तीने मान डोलावली, असे इतरांनी सांगितले. लिव्ही स्वतः ही कथा पारखून, लोकप्रवाद म्हणूनच नोंदवतो. परंतु ॲव्हेंटाइन टेकडीवर तिचे देऊळ खरोखरच बांधले गेले. जिंकलेल्या शत्रूची देवी फोडायची नाही, तिला आमंत्रण द्यायचे, हा संकेत त्या कथेत स्पष्ट दिसतो. हेराच्या कोणत्याही ग्रीक कथेत या प्रसंगाला स्थान नाही.

अथीना आणि मिनर्व्हा यांच्यातही असाच फरक आहे. झ्यूसच्या मस्तकातून शस्त्रांसह प्रकटलेली अथीना ही अथेन्सची नगरदेवता. इ.स.पूर्व ४४७ ते ४३२ या काळात तिच्यासाठी पार्थेनॉन उभे राहिले आणि फिडियसने हस्तिदंत व सोने यांनी तिची प्रचंड मूर्ती घडवली. पण अथेन्सच्या उत्सवात नवे वस्त्र अर्पण होई ते ऑलिव्हच्या लाकडाच्या एका जुन्या मूर्तीला. भव्य मूर्ती नगराच्या वैभवाची आणि जुनी ओबडधोबड मूर्ती पूजेची, हा भेद आपल्या देवस्थानांशी परिचित असलेल्या श्रोत्यांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

मिनर्व्हा मूळची इटलीतील. एट्रुस्कन लोक तिला 'मेन्र्वा' म्हणत. ज्युपिटर आणि ज्यूनो यांच्यासह ती कॅपिटोलवरच्या महामंदिरात विराजमान होती. तरीही रोमच्या गल्लीबोळांत तिची ओळख युद्धदेवतेपेक्षा विणकर, चांभार, वैद्य, शिक्षक आणि लेखनिक यांची देवता अशीच अधिक होती. मार्चमधील तिच्या सणाला शाळांना सुट्टी असे आणि शिक्षकाला मिळणाऱ्या मानधनाला तिच्यावरून 'मिनर्व्हाल' असे नाव पडले होते. रोमन सैन्याबरोबर ती ब्रिटनपर्यंत गेली. तेथील बाथ या गावी उष्ण पाण्याच्या झऱ्याची सुलिस नावाची स्थानिक देवी होती. रोमनांनी तिला 'सुलिस मिनर्व्हा' म्हटले. स्थानिक नाव पहिले आणि रोमन नाव नंतर, हे विशेष. त्या कुंडातून शिशाचे सुमारे एकशेतीस पत्रे मिळाले आहेत. त्यांवर भाविकांनी देवीकडे केलेल्या तक्रारी कोरलेल्या आहेत: कोणी अंगरखा चोरला, कोणी स्नानाची वस्त्रे पळवली, चोराला झोप लागू देऊ नकोस. पार्थेनॉनच्या देवीपेक्षा ही देवी सामान्य माणसाच्या कितीतरी जवळची होती.

डायाना, व्हीनस आणि सेरेस

आर्टेमिस ही रानावनांत हिंडणारी कुमारिका, हातात धनुष्य, मागे हरणे. डायानाला हे रूप मिळाले ते ग्रीक शिल्पींमुळे. तिचे जुने घर मात्र रोमच्या दक्षिणेला, नेमी सरोवराच्या काठच्या राईत होते. नवस फेडण्यासाठी स्त्रिया पेटती मशाल हाती घेऊन रोमपासून तेथवर चालत जात. १३ ऑगस्ट हा तिचा दिवस, आणि तो गुलामांच्या सुट्टीचाही दिवस होता. नेमीच्या पुजाऱ्याची प्रथा तर अंगावर काटा आणणारी होती. पळून आलेल्या गुलामाने आधीच्या पुजाऱ्याला द्वंद्वात ठार मारायचे आणि स्वतः पुजारी व्हायचे; पुढे कोणी दुसरा येईपर्यंत त्याने तलवार उपसून पहारा करायचा. या एका प्रथेचे कोडे उलगडण्यासाठी जेम्स फ्रेझरने १८९० साली 'द गोल्डन बाऊ' हा ग्रंथ लिहायला घेतला आणि तो वाढत वाढत अनेक खंडांचा झाला. जुन्या धर्मांत सारेच रम्य होते असे मानण्याचे कारण नाही, हेही या निमित्ताने ध्यानात ठेवावे.

व्हीनस हे नाव मराठी श्रोत्यांना विशेष आपले वाटावे असे आहे. लॅटिन 'व्हेनुस' आणि वैदिक संस्कृतातील कामना, लावण्य या अर्थाचा 'वनस्' हे शब्द एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत. मनाला ओढ लावणारी मोहकता, असा या नावाचा आशय होता. तिला ॲफ्रोडायटीच्या प्रेमकथा मिळाल्या, पण रोममध्ये तिची बढती झाली ती माता म्हणून. ट्रॉयहून आलेला वीर एनियस हा तिचा पुत्र आणि रोमन लोक त्याचे वंशज, अशी परंपरा रुजली. ज्युलियस सीझरचे घराणे तर एनियसच्या मुलापासून आपली वंशावळ सांगे. इ.स.पूर्व ४६ मध्ये त्याने आपल्या नव्या चौकात 'जननी व्हीनस'चे देऊळ अर्पण केले. ग्रीकांची प्रणयदेवता रोममध्ये राष्ट्रमाता झाली. समीकरणाची दोन्ही टोके येथे किती दूर गेली आहेत ते दिसते.

सेरेस ही धान्याची देवता. न्याहारीच्या 'सीरियल' या शब्दात तिचे नाव आजही आहे. डिमीटरची कन्या पर्सेफनी पाताळाच्या राजाने पळवली, आईने शोकाने पृथ्वी नापीक केली आणि अखेर कन्या वर्षाचा काही काळ परत येऊ लागली, ही कथा सेरेसला मिळाली. अथेन्सजवळच्या एल्युसिस येथे डिमीटरचे गूढविधी चालत. रोममध्ये सेरेसचे देऊळ इ.स.पूर्व ४९३ मध्ये ॲव्हेंटाइन टेकडीवर झाले. ते सामान्य प्रजेचे देऊळ होते आणि त्या प्रजेने निवडलेल्या अधिकाऱ्यांचे ठाणेही तेथेच होते. पुढे सेरेसची ग्रीक पद्धतीची पूजा यथासांग व्हावी म्हणून नेपल्स आणि व्हेलिया या ग्रीक नगरांतून पुजारिणी आणल्या जात आणि त्यांना रोमचे नागरिकत्व दिले जाई. विधी परका असला तरी तो करणारी स्त्री आपल्या नगराची असली पाहिजे, हा त्यामागचा विचार होता, असे सिसेरो सांगतो.

जिची कथाच नाही अशी देवी

आता राहिली हेस्टिया आणि तिची रोमन प्रतिमा व्हेस्टा. पुराणकथांच्या पुस्तकांत या देवीला जेमतेम एक परिच्छेद मिळतो, कारण तिच्याविषयी कथाच जवळजवळ नाहीत. पोसायडन आणि अपोलो या दोघांनी मागणी घातली असता तिने आजन्म कौमार्याची शपथ घेतली आणि झ्यूसने तिला घराच्या मध्यभागी स्थान दिले, एवढीच काय ती हकीकत. ती चुलीची देवता. ग्रीक घरात पहिली आहुती तिची आणि शेवटचीही तिचीच. एखाद्या नगरातून माणसे नवी वसाहत करायला निघाली की, मातृनगरीच्या अग्नीतून निखारे घेऊन जात.

रोममध्ये याच देवीच्या हाती नगराचे आयुष्य सोपवलेले होते. फोरममधील तिच्या गोलाकार देवळात मूर्ती नव्हती, केवळ अग्नी होता. सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलींमधून व्हेस्टाच्या सेविका निवडल्या जात. त्यांची संख्या सहा. तीस वर्षांची सेवा: पहिली दहा वर्षे शिकण्याची, दुसरी दहा करण्याची, तिसरी दहा शिकवण्याची. त्या अग्नी राखत, कामेनांच्या झऱ्याचे पाणी डोक्यावरून आणत आणि सर्व सार्वजनिक यज्ञांत लागणारे खारवलेले पीठ स्वतः तयार करीत. जूनमध्ये तिच्या उत्सवात रोमच्या गृहिणी अनवाणी देवळात जात आणि जाते ओढणाऱ्या गाढवांच्या गळ्यात हार घातले जात.

या सेविकांना मोठा मान होता. त्या पित्याच्या अधिकारातून मुक्त होत, स्वतःची मालमत्ता राखीत, मृत्युपत्र करू शकत. इतर रोमन स्त्रियांना हे सहजसाध्य नव्हते. पण या मानाची किंमतही भीषण होती. अग्नी विझला तर सेविकेला फटके बसत. व्रतभंगाचा आरोप सिद्ध झाला तर तिला भूमिगत कोठडीत जिवंत गाडले जाई. सम्राट डोमिशियनच्या काळात कॉर्नेलिया या प्रमुख सेविकेला अशी शिक्षा झाली. धाकट्या प्लिनीने आपल्या पत्रात तिचे वर्णन केले आहे आणि त्या न्यायाविषयीचा त्याचा संशय त्यातून लपत नाही.

विझलेला अग्नी दुसऱ्या अग्नीवरून पेटवायचा नाही, शुभ वृक्षाच्या लाकडावर लाकूड घासून तो नव्याने उत्पन्न करायचा, असा नियम होता. अरणीमंथन ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. फ्रेंच विद्वान जॉर्ज ड्युमेझिल याने तर व्हेस्टाच्या गोल अग्निस्थानाची तुलना वैदिक यज्ञातील गोल गार्हपत्य कुंडाशी केली आहे. अशी दूरची नाती आणखीही आहेत. पहाटेची ग्रीक देवी इऑस, रोमन ऑरोरा आणि ऋग्वेदातील उषा ही तीन नावे एकाच मूळ शब्दाची रूपे आहेत. त्यांची जोडी कोणी नंतर लावून दिलेली नाही. त्या एकाच आजीच्या नाती आहेत.

हात दूर झाले तेव्हा

रोमन साम्राज्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर या देवतांचे काय झाले? कथांना फारसा धक्का लागला नाही. ओव्हिड आणि व्हर्जिल यांची हस्तलिखिते पुढे ख्रिस्ती मठांतच नकलली गेली आणि त्यामुळेच ती आज उपलब्ध आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. आघात झाला तो पूजेवर, आणि तो टप्प्याटप्प्याने झाला.

इ.स. ३८२ मध्ये सम्राट ग्रेशियनने जुन्या पूजाअर्चांचे सरकारी अनुदान थांबवले. व्हेस्टाच्या सेविकांचे उत्पन्नही त्यात गेले. सिनेटच्या सभागृहात विजयदेवता व्हिक्टोरियाची वेदी होती. व्हिक्टोरिया म्हणजे ग्रीकांची नायकी, जिचे नाव आज खेळाच्या बुटांवर असते. ती वेदीही हलवण्यात आली. दोन वर्षांनी रोमचा नगराधिकारी सिमॅकस याने सम्राटाकडे विनंतीपत्र पाठवले. वेदी परत द्या, व्हेस्टाच्या सेविकांचे उत्पन्न परत द्या, असे त्याचे मागणे होते. इतक्या मोठ्या रहस्याकडे एकाच वाटेने पोहोचता येणार नाही, असा त्याच्या युक्तिवादाचा गाभा होता. मिलानचे बिशप अँब्रोझ यांनी त्याला उत्तर दिले. आमचा धर्म छळ सोसून वाढला, तुमचा अनुदानाशिवाय उभा राहू शकत नाही काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. सिमॅकसची विनंती फेटाळली गेली.

अँब्रोझ यांचा प्रश्न बोचरा होता. परंतु गोष्ट अनुदानावर थांबली नाही. इ.स. ३९१ आणि ३९२ मध्ये सम्राट थिओडोसियसच्या आज्ञा निघाल्या. देवळे बंद झाली आणि घरातील कुलदेवतांपुढे दिवा लावणे, धूप जाळणे, हार घालणे हेही दंडनीय ठरले. इ.स. ३९४ च्या सुमारास व्हेस्टाचा अग्नी विझला. या वेळी तो लाकूड घासून पेटवायला कोणी नव्हते. दोन वर्षांत ॲलेरिकच्या गॉथ सैन्याने एल्युसिस उद्ध्वस्त केले.

ज्या देवींच्या कथा विपुल होत्या, त्या कथांतून, चित्रांतून, शिल्पांतून जिवंत राहिल्या. व्हेस्टाला कथा नव्हती, केवळ नित्यकर्म होते. ते थांबले आणि ती जवळजवळ अदृश्य झाली. खरे तर सहाही देवींच्या बाबतीत हेच घडले होते. फक्त इतर पाच जणींच्या बाबतीत कथांच्या झगमगाटामुळे ते दिसत नाही.

१८०१ सालातील दोन घटना

या सगळ्याचा अर्थ उलगडणाऱ्या दोन घटना एकाच वर्षी घडल्या. १ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतील पालेर्मो येथे ज्युसेप्पे पियात्सी या खगोलशास्त्रज्ञाला आकाशात एक नवा गोल दिसला. सिसिली ही सेरेसची लाडकी भूमी, म्हणून त्याने त्याला सेरेस हे नाव दिले. पुढील सहा वर्षांत असे आणखी तीन गोल सापडले आणि त्यांना पॅलास म्हणजे अथीना, ज्यूनो आणि व्हेस्टा अशी नावे मिळाली. आपल्या सहा देवींपैकी चौघी अशा रीतीने आकाशात जाऊन बसल्या. २०११ मध्ये 'डॉन' हे अमेरिकी यान व्हेस्टाजवळ आणि २०१५ मध्ये सेरेसजवळ पोहोचले.

त्याच १८०१ च्या अखेरीस एडवर्ड क्लार्क हा इंग्रज प्रवासी एल्युसिसला आला. देवस्थानाला चौदाशे वर्षे उलटून गेली होती. गावकरी केव्हाच ख्रिस्ती झाले होते. तरीही गावातील खळ्याजवळ एक भग्न, विशाल स्त्रीमूर्ती अर्धी शेणखतात उभी होती आणि आपल्या शेतांचे पीक तिच्यामुळे येते, अशी त्या शेतकऱ्यांची श्रद्धा होती. सणाच्या दिवशी ते तिच्यापुढे दिवा लावीत. क्लार्कने तुर्की अधिकाऱ्याकडून परवाना मिळवून ती मूर्ती हलवली. तिला नेणारे जहाज बुडेल, असे गावकऱ्यांनी सांगितले. जहाज खरोखरच इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ फुटले, मूर्ती मात्र वाचली. आज ती केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे. संशोधकांनी पुढे ठरवले की, ती डिमीटरची मूर्ती नव्हेच. देवस्थानाच्या प्रवेशद्वाराला आधार देणारी ती एक सेविका होती.

पंडितांच्या दृष्टीने गावकरी चुकले होते. पण त्या दोन घटनांपैकी देवी कोणत्या ठिकाणी अधिक जिवंत होती? ज्या गोलाला अचूक नाव मिळाले तेथे, की ज्या चुकीच्या मूर्तीपुढे खतात दिवा तेवत होता तेथे?

या कथेला महाराष्ट्राकडूनही एक दुवा आहे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली पाँपेई नगर गाडले गेले. १९३८ साली तेथील एका घरात भारतीय बनावटीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे अगदी तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्या आहेत. पाँपेईची मूर्ती बहुधा आरशाची मूठ किंवा छोट्या मेजाचा आधार असावी. संशोधकांनी आधी तिला लक्ष्मी म्हटले, आता बहुतेक जण यक्षी म्हणतात. ती समुद्र ओलांडून गेली; पण तिच्याबरोबर तिचे नाव गेले नाही, तिला ओवाळणारा हात गेला नाही. म्हणून व्हीनस आणि मिनर्व्हा यांच्या त्या नगरात ती एक देखणी वस्तू होऊन राहिली.

श्रोतेहो, देवतेची कथा प्रवास करते, तिची मूर्तीही प्रवास करते, तिचे नाव तर थेट ताऱ्यांपर्यंत जाते. पण तिचे देवपण ज्यावर उभे असते ते नित्यकर्म शिकणारी, करणारी आणि शिकवणारी माणसे लागतात. व्हेस्टाच्या सेविकांची तीस वर्षे याच तीन भागांत विभागलेली होती. त्यांतील तिसरा भाग थांबला की पहिला आपोआप थांबतो. फ्लोरा फाउंटनवरून पुढच्या वेळी जाताना त्या मूर्तीकडे क्षणभर मान वर करून पाहावे. तिची कथा आजही सांगता येते. तिच्यासाठी मोहोराची प्रार्थना करणारे मात्र कोणी उरलेले नाही.